नेपाळ यात्रेला निघताय? ‘आयसी की एनसी’ हे विचारल्याशिवाय खिशात हात घालू नका!

नेपाळ यात्रेच्या बस आता तालुक्याच्या गावांतूनही निघू लागल्या आहेत. पूर्वी काशी, गया, अयोध्या केली की मंडळी माघारी फिरायची. आता त्याच फेरीत गोरखपूरवरून सोनौलीची सीमा ओलांडायची आणि लुंबिनी, पोखरा, मुक्तिनाथ, पशुपतिनाथ करून यायचं, असा कार्यक्रम लावला जातो. जाणाऱ्यांत बहुतेक साठीच्या आसपासचे आजी-आजोबा असतात. कांद्याचे, उसाचे, दुधाचे पैसे वर्षभर बाजूला टाकून ही यात्रा केलेली असते.

नेपाळला जायला भारतीयांना व्हिसा लागत नाही. रस्त्याने गेलं तर पासपोर्ट नसला तरी चालतो, मतदार ओळखपत्र पुरतं. तिथल्या पाट्या देवनागरीत, दुकानदाराला हिंदी येतं, देवळात घंटा तीच आणि पैशाचं नावही रुपयाच. त्यामुळे आपण परदेशात आलोय असं वाटतच नाही. आणि नेमका इथंच खिसा हलका होतो. कारण नाव एक असलं तरी तिथला रुपया आणि आपला रुपया एक नाही.

टूरवाल्याला भरलेले पैसे सोडून हातखर्चाला नेलेली रक्कम नीट पुरावी आणि आणलेल्या वस्तू खऱ्या निघाव्यात, यासाठी काय करायचं ते सविस्तर पाहू.

‘आयसी’ म्हणजे काय, ‘एनसी’ म्हणजे काय?

नेपाळच्या बाजारात हे दोन शब्द दिवसभर कानावर पडतात. आयसी म्हणजे भारतीय रुपया आणि एनसी म्हणजे नेपाळी रुपया. आपले १०० रुपये म्हणजे नेपाळचे १६० रुपये. हा दर रोज वरखाली होत नाही. १९९३ पासून तो तिथेच बांधलेला आहे.

आता दुकानदार म्हणाला, “आठसौ रुपया.” हे आठशे कोणते? नेपाळी असतील तर आपले ५०० रुपये झाले. तुम्ही न विचारता आपल्या शंभराच्या आठ नोटा काढून दिल्या, तर ५०० ची वस्तू ८०० ला पडली. म्हणजे ३०० रुपये जास्त गेले. दुकानदाराने फसवलं असंही म्हणता येत नाही, कारण त्याने भाव सांगितला आणि तुम्ही दिला.

उलटही होतं. काही दुकानदार आपल्याकडचे यात्रेकरू ओळखतात आणि भाव थेट आयसीत सांगतात. गिऱ्हाईक मनात धरतं की हे नेपाळी रुपये असणार, म्हणजे स्वस्त आहे, आणि वस्तू बांधून घेतं. पैसे देताना वाद होतो.

म्हणून नियम एकच. भाव ऐकला की पहिला प्रश्न: “आयसी की एनसी?” चहाच्या टपरीवर, घोडेवाल्याकडे, जीपवाल्याकडे, पूजेच्या ताटाच्या दुकानात, सगळीकडे हाच प्रश्न. त्यात लाजायचं कारण नाही. तिथले लोकही एकमेकांना हेच विचारतात.

हिशेब तोंडी कसा करायचा?

१.६ ने भागाकार करायला गर्दीत कोण बसणार? मोबाईलमध्ये कॅल्क्युलेटर आहे, पण आपल्या जुन्या माणसांना पावकी, निमकी, दीडकी पाठ असते. तीच इथे कामाला येते.

नेपाळी रुपयांचे भारतीय करायचे असतील, तर रक्कम निम्मी करा आणि त्या निम्म्याचा पाव भाग त्यात मिळवा. उदाहरणार्थ, ८०० नेपाळी. निम्मे ४००, त्याचा पाव भाग १००, मिळून ५०० भारतीय. १,२०० नेपाळी असतील तर ६०० अधिक १५०, म्हणजे ७५० भारतीय.

भारतीय रुपयांचे नेपाळी करायचे असतील, तर दीडपट करा आणि मूळ रकमेचा दहावा भाग वर टाका. २०० भारतीय असतील तर दीडपट ३००, वर २०, म्हणजे ३२० नेपाळी.

एवढंही नको असेल तर खालचे आकडे कागदावर लिहून पाकिटात ठेवा:

- ८० नेपाळी = ५० भारतीय
- १६० नेपाळी = १०० भारतीय
- ३२० नेपाळी = २०० भारतीय
- ४८० नेपाळी = ३०० भारतीय
- ८०० नेपाळी = ५०० भारतीय
- १,६०० नेपाळी = १,००० भारतीय
- ८,००० नेपाळी = ५,००० भारतीय

खरी गडबड होते ती सुट्ट्या पैशांत

सीमेजवळच्या गावांत, पोखऱ्यात, काठमांडूत बरेच दुकानदार आपली शंभराची नोट घेतात. पण परत देताना नेपाळी नोटा देतात. इथे दोन हिशेब एकत्र होतात आणि माणूस गोंधळतो.

समजा, २४० नेपाळी रुपयांची वस्तू घेतली आणि आपल्या शंभराच्या दोन नोटा दिल्या. म्हणजे तुम्ही ३२० नेपाळी दिले. परत ८० नेपाळी यायला पाहिजेत. पण घाईत दुकानदाराने चाळीस हातावर ठेवले आणि तुम्ही “काहीतरी परत आलं ना” म्हणून पुढे गेलात, तर आपले २५ रुपये गेले. दिवसातून असं चार-पाच वेळा झालं की शंभराची नोट कुठे गेली ते कळत नाही.

यावर साधा उपाय म्हणजे एका व्यवहारात एकच चलन वापरा. हातखर्चाचे पैसे एकदाच नेपाळी नोटांत बदलून घ्या आणि रोजचा खर्च त्यातूनच करा. भारतीय नोटा वेगळ्या पाकिटात, आतल्या खिशात ठेवा. दोन्ही नोटा एकाच पाकिटात ठेवल्या की काउंटरवर चुकीची नोट हातात येते.

नेपाळी नोटा ओळखायला सोप्या आहेत. आकडे देवनागरीतही असतात आणि मागच्या बाजूला प्राण्यांची चित्रं असतात. हजाराच्या नोटेवर हत्ती, पाचशेवर वाघ, शंभरावर गेंडा. ज्यांना चष्म्याशिवाय आकडा दिसत नाही, त्यांनी चित्रावरून ओळखावी.

पैसे बदलताना बँक किंवा परवाना असलेलं केंद्र बघा. सीमेवर खुर्ची टाकून बसलेले लोकही बदलून देतात, पण “शंभराला किती हातात येणार?” हे आधी विचारा. १६० पेक्षा बरेच कमी सांगितले तर पुढचं दुकान बघा. नोटा तिथेच मोजा आणि फाटक्या नोटा परत करा.

परतीच्या आदल्या दिवशी नेपाळी नोटा संपवण्याचा प्रयत्न करा. सीमा ओलांडून गोरखपूरला आलात की त्या नोटा घेणारं कोणी भेटत नाही. मग त्या देवघरात ठेवायच्या कामाच्या.

पाचशेच्या नोटा न्याव्यात का?

डिसेंबर २०१८ मध्ये नेपाळ सरकारने शंभरापेक्षा मोठ्या भारतीय नोटांवर, म्हणजे दोनशे, पाचशे आणि दोन हजारांवर बंदी घातली. ही बंदी माहीत नसल्याने अनेक यात्रेकरू तिथे अडचणीत आले. पुढे या नियमात सूट देण्याच्या हालचाली झाल्या, म्हणून निघण्याच्या आठवड्यात बँकेत आणि टूरवाल्याकडे ताजा नियम जरूर विचारा. पण शंभराच्या नोटेला कधीच हरकत नव्हती. त्यामुळे गावातल्या बँकेतून आधीच शंभराच्या नोटा मागून घेतलेल्या बऱ्या. शेवटच्या दिवशी गेलात तर शंभराचं बंडल मिळेलच असं नाही.

फोनवरून पैसे देता येतात का?

हो. मार्च २०२४ पासून नेपाळमध्ये ‘फोनपे’ नावाच्या तिथल्या कंपनीच्या क्यूआर कोडवर भारतीय यूपीआयने पैसे देण्याची सोय झाली आहे. आपल्याकडच्या त्याच उच्चाराच्या अ‍ॅपशी गल्लत करू नका, ही कंपनी वेगळी आहे.

मात्र तीन गोष्टी लक्षात ठेवा:

- यूपीआयचा परदेशातला वापर अ‍ॅपमध्ये वेगळा सुरू करावा लागतो. तो इथूनच, नेट चालू असताना, मुलाकडून किंवा नातवाकडून करून घ्या.
- रक्कम नेपाळी रुपयांत भरायची असते. पिन टाकण्याआधी स्क्रीनवर भारतीय रुपये किती कापले जाणार ते वाचा. त्यात जास्तीचं शुल्क असू शकतं.
- नेट नसेल तर काहीच चालत नाही. मुक्तिनाथच्या रस्त्यावर यूपीआयच्या भरवशावर राहू नका. रोख पाहिजेच.

एटीएम कार्ड नेणार असाल तर परदेशातला वापर बँकेकडून चालू करून घ्या. पैसे काढताना दर वेळी वेगळं शुल्क लागतं, म्हणून थोडे थोडे पाच वेळा काढण्यापेक्षा एकदाच काढा.

आपलं सिमकार्ड तिथे रोमिंगवर चालतं आणि रोमिंग महाग पडतं. सीमेजवळ पोचताच मोबाईल डेटा बंद करा, नाहीतर फोन आपोआप तिथलं नेटवर्क पकडतो आणि बॅलन्स उडतो. आठ-दहा दिवस राहणार असाल तर गटात एक-दोघांनी तिथलं सिम घ्यावं. नेपाळ टेलिकॉम आणि एनसेल या तिथल्या दोन मोठ्या कंपन्या आहेत. सिमसाठी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. बाकीच्यांनी हॉटेलच्या वायफायवर घरी बोलावं.

जेवणखाण: दाल-भात सर्वांत स्वस्त आणि पोटभर

नेपाळी माणूस दोन वेळा दाल-भात खातो. पाटीवर ‘खाना सेट’ किंवा ‘दाल भात तरकारी’ लिहिलेलं असतं. ताटात भात, डाळ, भाजी, हिरवा साग आणि लोणचं येतं. बहुतेक साध्या भोजनालयांत भात, डाळ आणि भाजी परत वाढतात, त्याचे वेगळे पैसे लागत नाहीत. तरी नवीन ठिकाणी बसताना विचारून घ्या. पुरे झालं की “पुग्यो” म्हणा, नाहीतर वाढणारा थांबत नाही.

साध्या भोजनालयात शाकाहारी ताट साधारण २५० ते ४०० नेपाळी रुपयांना पडतं. चहा ३० ते ५० आणि पाण्याची लिटरची बाटली शहरात २५-३० च्या घरात. जागेप्रमाणे हे दर थोडेफार बदलतात. समजा, दिवसभरात नाश्ता १२०, दोन ताटं ६००, दोन चहा ८० आणि दोन बाटल्या ६० झाल्या, तर ८६० नेपाळी. म्हणजे आपले साधारण ५४० रुपये. टूरमध्ये जेवण धरलेलं असेल तर खर्च चहापाण्यापुरताच उरतो. तिथलं नळाचं पाणी मात्र थेट पिऊ नका.

माळकरी आणि शाकाहारी मंडळींनी एक शब्द पक्का लक्षात ठेवावा: ‘बफ’. बफ म्हणजे म्हशीचं मांस. मोमो आपल्या मोदकासारखे दिसतात आणि रस्तोरस्ती मिळतात, पण त्यात बफ किंवा चिकन असू शकतं. ‘भेज’ म्हटलं तरच भाजीचे मिळतात. उकडायचं भांडं एकच असतं, म्हणून ज्यांचा नेम कडक आहे त्यांनी मोमोच्या वाटेला न गेलेलं बरं. काठमांडू आणि पोखऱ्यात मारवाडी भोजनालयं आहेत, तिथे पोळी-भाजी मिळते. तिकडे स्वयंपाक बहुधा मोहरीच्या तेलात होतो. आपल्याकडच्या पोटांना पहिले दोन दिवस ते जड जातं. चटणी, शेंगदाणे, दशम्या सोबत असू द्या.

मोठ्या हॉटेलात मेनूकार्डावरचा भाव आणि बिलाची रक्कम यात फरक असतो. नेपाळमध्ये १३ टक्के मूल्यवर्धित कर आहे. काही ठिकाणी तो भावात धरलेला असतो, काही ठिकाणी वरून लावतात. त्यावर सेवाशुल्कही असू शकतं. बसण्याआधी विचारा: “यात कर धरलाय का?”

जसजसे वर जाल, तसतशी महागाई चढते

मुक्तिनाथ समुद्रसपाटीपासून सुमारे ३,७०० मीटर उंचीवर आहे. तिथे तांदळाची गोणी, गॅसची टाकी, पाण्याची बाटली सगळं खालून गाडीने येतं. त्यामुळे पोखऱ्याचा भाव तिथे मिळणार नाही, आणि त्यावरून भांडण्यातही अर्थ नाही. बिस्किटं, सुकामेवा, खडीसाखर, ग्लुकोजची पावडर, रोजची औषधं खालूनच घेऊन जा. वरच्या लॉजमध्ये गरम पाण्याची बादली किंवा मोबाईल चार्जिंगचेही वेगळे पैसे घेतात, ते आधी विचारा. ‘तातो पानी’ म्हणजे गरम पाणी.

गाडीतळापासून देवळापर्यंत चढ आहे. ज्यांना दम लागतो ते घोडा करतात. घोड्याचा भाव ठरवताना तीन प्रश्न विचारा: आयसी की एनसी, जायचे की जाऊन-येऊन, आणि एका माणसाचे की सगळ्यांचे. या तीन प्रश्नांत वाद मिटतो. पैसे खाली उतरल्यावर द्या.

थंडीचे कपडे घरूनच न्या. नसतील तर पोखऱ्यात जाकीट भाड्याने मिळतं. एका दिवसासाठी नवीन विकत घ्यायची गरज नाही.

टूरवाल्याला निघण्याआधी विचारायचे प्रश्न

बरेचदा पॅकेजच्या कागदावर ‘मुक्तिनाथ दर्शन’ एवढंच लिहिलेलं असतं. तिथे गेल्यावर कळतं की जीपचे पैसे वेगळे, परवान्याचे वेगळे. मुक्तिनाथ अन्नपूर्णा संरक्षित क्षेत्रात येतं, तिथे जायला परवाना लागतो. म्हणून इथेच लिहून घ्या: पोखऱ्याहून पुढची गाडी, अन्नपूर्णाचा परवाना, मनकामनाची केबल कार, काठमांडूतला स्थानिक फिरण्याचा खर्च आणि जुन्या राजवाड्यांची तिकिटं यातलं काय पॅकेजमध्ये आहे आणि काय नाही. जे नाही त्याची रक्कम आयसीत सांगा म्हणावं.

तिकीटखिडकीवर बरेच ठिकाणी वेगवेगळे दर लावलेले दिसतील: नेपाळी नागरिक, सार्क देश आणि इतर परदेशी. आपण सार्कमध्ये येतो, म्हणून इतर परदेशी लोकांपेक्षा आपला दर बराच कमी असतो. काही ठिकाणी भारतीयांचा दर वेगळा लिहिलेला असतो. पण त्यासाठी ओळखपत्र दाखवावं लागतं. ते हॉटेलच्या बॅगेत नको, खिशात पाहिजे.

पशुपतिनाथाच्या दर्शनाला भारतीय भाविकांना तिकीट नाही. अभिषेक, विशेष पूजा करायची असेल तर पशुपती क्षेत्र विकास कोषाच्या काउंटरवर दर विचारून पावती घ्या. आवारात “मी करून देतो” म्हणत मागे लागणाऱ्याच्या हातात पैसे देऊ नका.

रुद्राक्ष: सर्वांत जास्त पैसे इथेच जातात

नेपाळचा रुद्राक्ष नावाजलेला आहे. तो पूर्व नेपाळच्या भोजपूर, संखुवासभा भागात पिकतो आणि दाणा मोठा असतो. पंचमुखी सर्वांत जास्त पिकतो, म्हणून सर्वांत स्वस्त असतो. जपाची माळ घ्यायची असेल तर पंचमुखीची घ्या. त्यात फसवायला वाव कमी.

पैसे जातात ते ‘एकमुखी’, ‘गौरीशंकर’, ‘चौदामुखी’ या नावांखाली. गोल एकमुखी दाणा अत्यंत दुर्मीळ असतो. देवळाच्या वाटेवर ताटात पंधरा-वीस एकमुखी ठेवलेले दिसले तर समजून जा. काजूच्या आकाराचा जो दाणा एकमुखी म्हणून विकतात, तो वेगळ्याच जातीचा असतो. स्वस्त दाण्यावर जास्तीच्या रेघा कोरून मुखं वाढवतात, दोन दाणे डिंकाने चिकटवून गौरीशंकर करतात.

“पाण्यात बुडाला म्हणजे खरा”, “तांब्याच्या दोन नाण्यांमध्ये फिरला म्हणजे खरा” या परीक्षांवर भरवसा ठेवू नका. लाकडाचा जड तुकडाही बुडतो. खरी रेघ वरपासून खालपर्यंत सलग जाते आणि तिच्या कडा खडबडीत असतात. कोरलेली रेघ गुळगुळीत आणि सरळ दिसते. महाग दाणा घ्यायचाच असेल तर एक्स-रे काढून आतली बीजं दाखवणाऱ्या दुकानातून, पक्क्या बिलावर घ्या. बिल द्यायला दुकानदार टाळत असेल तर उठा.

शाळिग्रामाचंही तसंच. खरा शाळिग्राम काली गंडकी नदीत सापडतो. कोट्यवधी वर्षांपूर्वी तिथे समुद्र होता, त्यातल्या शंखासारख्या जीवांचे ठसे दगडात राहिले, तेच आपल्याला चक्रासारखे दिसतात. सगळ्या दगडांवर अगदी एकसारखं चक्र असेल, तर ते साच्यातून काढलेलं असतं.

शाल, मूर्ती, खुकुरी

पाचशे नेपाळी रुपयांना ‘पश्मिना’ म्हणून मिळते ती पश्मिना नसते, ती कृत्रिम धाग्याची शाल असते. तीनशे रुपयांत बहिणीला, सुनेला द्यायला ती चांगलीच आहे, पण शाल म्हणून घ्या, पश्मिना म्हणून नको. खरी पश्मिना च्यांग्रा जातीच्या शेळीच्या लोकरीची असते आणि हजारोंच्या घरात जाते. तिच्यावर ‘च्यांग्रा पश्मिना’ हे नोंदणीकृत चिन्ह असतं. शंका आली तर कडेचा एक धागा मागून जाळून बघा. लोकर असेल तर केस जळाल्यासारखा वास येतो आणि राख चुरगळते. प्लास्टिकसारखी गाठ झाली तर कृत्रिम.

पितळ-तांब्याच्या मूर्तींसाठी काठमांडूजवळचं पाटण प्रसिद्ध आहे. नवी मूर्ती घेतली तरी बिल आणि पुरातत्त्व विभागाचा दाखला दुकानदाराकडून मागा. शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू देशाबाहेर नेता येत नाही. “जुनी आहे, खास तुमच्यासाठी” असं कोणी म्हणालं तर हात लावू नका.

खुकुरी घेणार असाल तर छोटी, शोभेची घ्या. विमानात हातातल्या बॅगेत ती चालत नाही. आपल्याकडच्या नियमात नऊ इंचांपेक्षा लांब पात्याच्या हत्याराला परवाना लागतो.

घरच्या उपयोगाचं म्हणाल तर इलामचा चहा, मसाला वेलची आणि टिमुर आणा. टिमुर आपल्या कोकणातल्या तिरफळासारखा असतो, माशांच्या कालवणात छान लागतो. हे घ्यायला काठमांडूत असन बाजारात जा. पर्यटकांच्या ठमेल भागापेक्षा तिथे भाव कमी, कारण तिथे गावची माणसं खरेदी करतात. पोखऱ्यात तळ्याकाठच्या दुकानांपेक्षा महेंद्रपूल भागात स्वस्त मिळतं. भाव करण्याआधी भाटभटेनीसारख्या मोठ्या दुकानात, जिथे किंमत लिहिलेली असते, एक चक्कर मारा. खरा भाव कळतो.

भाव करताना “दाइ”, “दिदी” म्हणून सुरुवात करा. दाइ म्हणजे दादा, दिदी म्हणजे ताई. “कति हो?” म्हणजे किती? “अलि मिलाउनुस् न” म्हणजे जरा कमी करा ना. एवढं बोललात तरी दुकानदार हसून थोडं उतरतो.

‘तोळा’ आणि ‘पाव’ यातही फरक आहे

ही गोष्ट फारच थोड्यांना माहीत असते. आपल्याकडे तोळा म्हटलं की १० ग्रॅम. नेपाळमध्ये तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम. त्यामुळे चांदीच्या वस्तूचा तोळ्याचा भाव ऐकून आपल्या भावाशी तुलना करू नका, ग्रॅमचा भाव विचारा. तसंच आपला पाव म्हणजे २५० ग्रॅम, तिथला ‘पाउ’ मात्र सुमारे २०० ग्रॅम. मसाला, वेलची, चहा घेताना काट्यावर ग्रॅम बघून घ्या.

परत येताना सीमेवर

सीमेवर सामान तपासतात. रस्त्याने येणाऱ्याला विमानाने येणाऱ्याइतकी सूट मिळत नाही. माळ, शाल, चहा अशी घरगुती भेट वेगळी. पण ब्लँकेटचे गठ्ठे, इलेक्ट्रॉनिक वस्तू, एकाच मालाचे दहा-बारा नग असले की तो व्यापार समजला जातो आणि माल अडकतो. सोनं तर अजिबात आणू नका.

कस्तुरी, प्राण्यांची कातडी, नखं, दात विकायला कोणी आलं तर दूर राहा. तो नेपाळमध्येही गुन्हा आहे आणि भारतातही. बसमधल्या किंवा सीमेवरच्या अनोळखी माणसाने “एवढी पिशवी पलीकडे न्या, मी तिकडे घेतो” म्हटलं, तर स्पष्ट नाही म्हणा. म्हाताऱ्या माणसाची पिशवी तपासणार नाहीत, म्हणूनच तो तुम्हाला विचारतो.

निघण्याच्या आधीची यादी

- मतदार ओळखपत्र मूळ प्रत आणि दोन झेरॉक्स. १५ वर्षांखालील आणि ६५ वर्षांवरील यात्रेकरूंना आधार चालतं, बाकीच्यांनी फक्त आधारवर जाऊ नये.
- शंभराच्या नोटा, दोन वेगळी पाकिटं.
- पाकिटात आयसी-एनसीचा कागद.
- यूपीआय आणि एटीएमचा परदेशातला वापर सुरू केलेला.
- पुरेल इतकी रोजची औषधं आणि डॉक्टरची चिठ्ठी.
- घड्याळ १५ मिनिटं पुढे. नेपाळची वेळ आपल्यापेक्षा तेवढी पुढे आहे.
- शनिवारी तिथल्या बँका आणि सरकारी कार्यालयं बंद असतात. दसऱ्याच्या सुमारास ‘दशैं’ असतो, तेव्हा दुकानं आणि गाड्या मिळणं अवघड होतं. त्या दिवसांत पैसे आधीच बदलून ठेवा.
- अडचण आली तर नेपाळचा पर्यटक पोलीस क्रमांक ११४४ आणि साधा पोलीस क्रमांक १०० फोनमध्ये साठवून ठेवा.

तुमच्या गावातून, भजनी मंडळातून किंवा नात्यातलं कोणी नेपाळला निघालं असेल तर ही माहिती त्यांना जरूर पाठवा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा, आणि निदान पाच-सहा आकडे कागदावर मोठ्या अक्षरात लिहून त्यांच्या पाकिटात ठेवा.